पंगत प्रकाशाची

पौष वद्य सप्तमी जवळ आली की बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमाकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलू लागतात. स्वामी विवेकानंदांची जयंती १२ जानेवारी या तारखेला सर्वत्र साजरी होते. परंतु येथे ती तिथीने साजरी करण्याचा परिपाठ आहे. १८६३ साली मकर संक्रांतीच्या पर्वावर स्वामीजींचा जन्म झाला, ती तिथी पौष वद्य सप्तमीची होती. शुकदास महाराजांनी १९६५ साली येथे विवेकानंद आश्रमाची स्थापना केली, रुग्णसेवेला आणि शिक्षणाला वाहून घेतले, आणि दरिद्रनारायणाची सेवा हीच पूजा, हा स्वामीजींचा विचार विदर्भाच्या या कोपऱ्यात आचरणात आणून दाखविला. २०१७ साली महाराजांनी देह ठेवला. त्यांनी घालून दिलेला सेवेचा पायंडा मात्र मागे राहिला.

या उत्सवाचा मुकुटमणी म्हणजे महाप्रसाद. मोकळ्या शेतात लांबच लांब पंगती बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पंगतीपंगतीला पोहोचते आणि शेकडो स्वयंसेवकांचे हात ती वाढत जातात. एवढ्या समुदायाला सावरून धरणारी शक्ती कोणती, असा प्रश्न प्रथमच येणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही. ती शक्ती म्हणजे पंगतीचा साधा नियम होय. पान समोर आले तरी शेजाऱ्याच्या पानात पडेपर्यंत हात आवरावयाचा. आपल्याला हवे तेवढेच घ्यावयाचे. आणि घेतलेले टाकावयाचे नाही. हा नियम आपल्याकडे लहान मुलालाही शिकवावा लागत नाही. आईच्या मांडीवर बसून ते तो शिकलेले असते.

या सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे एकच विचार ठेवावयाचा आहे. अन्नाच्या पंगतीत आपण जो संयम सहज पाळतो, तो विजेच्या पंगतीत का पाळू नये? आणि उत्सवात वाढपाची सेवा करणाऱ्या हातांनी ही दुसरी सेवा घरोघरी का नेऊ नये?

एकाच तारेवरची पंगत

वीज ही आपली खाजगी वस्तू आहे, असे आपण समजतो. मीटर आपला, बिल आपले, मग बटण दाबण्यास कोणाची हरकत? वस्तुस्थिती निराळी आहे. गावातील शंभर-दोनशे घरे एकाच रोहित्रावर, म्हणजे आपण जिला डी.पी. म्हणतो तिच्यावर, अवलंबून असतात. तिची शक्ती मर्यादित असते. सायंकाळी दिवेलागणीच्या वेळी सर्व घरांतील दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी संच एकदम सुरू होतात. त्याच वेळी कोणी विजेची शेगडी पेटवितो, कोणी पाणी तापविण्याची कांडी बादलीत सोडतो, कोणी मोटार चालू करतो. मग तारेतील दाब उतरतो आणि टोकाच्या घरातील दिवा पिवळा पडतो. त्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेले मूल मात्र कोणाच्याच हिशेबात नसते.

यामागे निसर्गाचा एक नियम आहे. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णतेच्या रूपाने तारेतच वाया जाणारी वीज दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणजे गर्दीच्या वेळी केलेली उधळपट्टी अधिक महाग पडते. आणि त्याच वेळी केलेल्या बचतीचे पुण्यही अधिक असते. भार फारच वाढला तर रोहित्र जळते, आणि मग ज्याने उधळले तो आणि ज्याने आवरले तो, दोघेही सारख्याच अंधारात बसतात. पंगतीत एकाने भांडे उपडे केले तर उपाशी राहावे लागते ते साऱ्या पंगतीला.

गावांनी पाळलेला संयम

हा विचार केवळ उपदेशाचा नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांनी तो प्रत्यक्ष आचरून दाखविला आहे. २००५ साली जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली, तो काळ भीषण भारनियमनाचा होता. ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. देवळात सांजआरती होई ती समईच्या उजेडात, आणि परीक्षेच्या दिवसांत मुले कंदिलाच्या काचा पुशीत बसत.

त्या वेळी ‘अक्षय प्रकाश’ या नावाची योजना पुढे आली. तिचे सूत्र अगदी पंगतीसारखे होते. गावाने एकत्र बसून ठरवावयाचे की, सायंकाळच्या गर्दीच्या तासांत आपण फक्त दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी एवढ्यांवरच भागवू. विजेची शेगडी, पाणी तापविण्याची कांडी, पिठाची चक्की, शेतातील मोटार यांना त्या वेळी विश्रांती देऊ. तारांवरचे चोरटे आकडे आपल्या हाताने काढून टाकू. गावाने असा शब्द पाळला की वीज कंपनीने त्या गावाला सायंकाळच्या भारनियमनातून मोकळे करावयाचे. महाराष्ट्रातील शेकडो गावांनी हा शब्द दिला.

या योजनेचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. गावात नवी वीज आली नव्हती, नवे यंत्र बसले नव्हते. होती तीच वीज, परंतु ती वाटून घेण्याची रीत बदलली आणि अंधाराच्या जागी उजेड आला. हे सरकारी हुकमाने होणारे काम नव्हते. एका घराने शेगडी पेटविली तर साऱ्या गावाचा शब्द जातो. तेव्हा शेजाऱ्याने शेजाऱ्याला गोडीगुलाबीने सांगावे लागते, तरुणांनी गल्लीगल्लीतून फिरावे लागते, वडीलधाऱ्यांनी आपल्या घरापासून सुरुवात करावी लागते. पुढे गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्याची कामे झाली, वीजपुरवठा वाढला आणि त्या योजनेची निकड उरली नाही. पण तिने शिकविलेला धडा जुना झालेला नाही.

असा संयम परदेशातही दिसला आहे. २०११ साली भूकंप आणि सागरी लाटेने जपानमधील फुकुशिमाचे अणुवीज केंद्र निकामी झाले. त्या उन्हाळ्यात टोकियो आणि आसपासच्या नागरिकांनी घरातील व दुकानांतील दिवे कमी केले, जाहिरातींचे झगझगाट बंद केले आणि राष्ट्रावर आलेली वेळ निभावून नेली. संकटात सारा समाज एका पंगतीत बसला की काय साधते, याचे हे उदाहरण होय.

दोन कोराडी

हिवरा आश्रमाजवळ कोराडी प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय आहे. योगायोग असा की, याच नावाचे दुसरे कोराडी नागपूरजवळ आहे. तेथे जगदंबेचे प्रसिद्ध मंदिर आहे आणि १९७४ पासून वीज निर्माण करणारे औष्णिक केंद्रही आहे. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथेही असेच केंद्र आहे. या केंद्रांत कोळसा जळतो. एक युनिट वीज तयार करावयास साधारणतः सातशे ग्रॅम कोळसा लागतो, एवढा हिशेब ध्यानात ठेवला तरी पुरे. घरातील रिकाम्या खोलीत जळणारा दिवा म्हणजे पृथ्वीच्या पोटातून काढलेला, कामगारांच्या घामाने वर आलेला आणि हवेत धूर सोडून संपणारा कोळसा होय.

आता उलट हिशेब पाहू. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट वीज घेतो. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटापेक्षाही कमी वीज घेतो. म्हणजे एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिटांची बचत. तीनशे घरांच्या गावात प्रत्येकाने असा एकच दिवा बदलला, तर महिन्याला सुमारे २,३०० युनिट वीज आणि दीड टनाहून अधिक कोळसा वाचतो. शिवाय सायंकाळचा भार पंधरा किलोवॅटने हलका होतो, आणि शंभर के.व्ही.ए.च्या रोहित्रावर तो जवळजवळ सातवा हिस्सा असतो. टोकाच्या घरातील मुलाचा दिवा पुन्हा पांढरा होण्यास एवढे पुष्कळ झाले.

देशात हे मोठ्या प्रमाणावर घडलेही आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. पण दिवाणखान्यातील दिवा बदलला तरी गोठ्यातील, न्हाणीघरातील, देवळाच्या ओवरीतील जुना बल्ब पुष्कळ ठिकाणी तसाच राहिला आहे. छताला फिरणारा जुना पंखाही पंचाहत्तर वॅटच्या घरात वीज घेतो. नव्या पद्धतीचा पंखा तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. रोज दहा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला तेरा-साडेतेरा युनिटांचा फरक पडतो. उपकरणांवर ताऱ्यांच्या खुणा असलेली चिठ्ठी २००६ पासून दिसू लागली. जितके तारे अधिक, तितकी वीज कमी. सोने घेताना आपण शिक्का पाहतो, तसेच शीतपेटी किंवा पंखा घेताना हे तारे पाहण्याची सवय लागली पाहिजे.

सेवेकऱ्याची नवी सेवा

पण हे घरोघरी सांगणार कोण? वर्तमानपत्रातील जाहिरात सर्वांपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी मनात उतरत नाही. ओळखीच्या माणसाने उंबरठ्यावर बसून सांगितलेले मनात उतरते. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला अशा माणसांची वाण नाही. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानातील सेवाधारी पाळीपाळीने येऊन विनावेतन सेवा करतात, ती शिस्त पाहण्यास दुरून लोक येतात. हिवरा आश्रमाचे स्वयंसेवक आपण पंगतीत पाहतोच. येथे कृषी महाविद्यालय आहे, शाळा आहेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयीन तरुणांना खेड्यांत नेत आहे. तिच्या हिवाळी शिबिरातील सात दिवसांपैकी एक दिवस या कामाला दिला तर एका गावाची घरे सहज पाहून होतील.

ही सेवा कशी करावी, याचा वस्तुपाठ वऱ्हाडच्याच एका संताने घालून दिला आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात बोलत. हातांनी आधी केले म्हणूनच त्यांचे बोलणे लोकांनी शिरसावंद्य मानले. वीज वाचविण्याचे सांगणाऱ्यानेही प्रथम आपल्या घरातील दिवा बदलावा, आपल्या घराचे बिल आधी आणि नंतर असे दोन महिन्यांचे खिशात ठेवावे, आणि मगच दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकावे.

पहिल्या दिवशी एखादी आजी विचारणारच, “काहून रे बाबू, आता आमचे दिवेबी मोजाले आला काय?” त्यावर रागावू नये. “नाही आजी, दिवे मोजायला नाही; तुमचं बिल वाचायला आलो,” असे म्हणून बसावे. बिलावर किती युनिट आहेत, गेल्या महिन्यात किती होते, हे समजावून द्यावे. बहुतेक घरांत बिलाची रक्कम तेवढी पाहिली जाते, युनिट कोणी पाहत नाही. मग घर पाहावे. कोणता दिवा उगाच जळतो, भिंतीतील कोणत्या बटणाशी ठिणगी उडते, शीतपेटीचे दार घट्ट लागते की नाही, तिची पाठ भिंतीला चिकटली आहे की काय, एवढे पाहण्यास अभियंता लागत नाही. तारा सैल असतील तर मात्र आपण हात न लावता वायरमनला बोलवावे. महिन्याने पुन्हा जावे, हे सर्वांत महत्त्वाचे. १९८० च्या दशकात निर्धूर चुलींची मोठी मोहीम देशात निघाली होती. चुली बसल्या, परंतु पुष्कळ ठिकाणी त्यांची डागडुजी पाहण्यास कोणी परतून गेले नाही. धुराडी बुजली, आणि माउल्या पुन्हा जुन्या चुलीच्या धुरात बसल्या. दिलेली वस्तू नव्हे, परतून येणारा माणूस हीच खरी सेवा होय.

दुकान, चक्की आणि भटारखाना

गावातील व्यवसायांकडेही हीच दृष्टी वळवावी. चक्कीचा पट्टा सैल असेल तर मोटार फिरते आणि जाते मागे राहते. पट्टा ताणून बसविला आणि योग्य कपॅसिटर लावला की तेच दळण कमी विजेत होते. चहाच्या दुकानात भट्टीला वारा लागू न देणारा आडोसा आणि पातेल्यावर झाकण एवढ्यानेही इंधन वाचते. शक्य असेल तेथे दळणकांडण, कपडे धुणे, टाकीत पाणी चढविणे ही कामे दिवसा उरकावीत. आज दुपारची वीज उत्तरोत्तर सूर्याची होत आहे. सायंकाळी सूर्य मावळल्यावर मात्र भार पुन्हा कोळशावरच येतो. म्हणून दुपारचे युनिट आणि दिवेलागणीचे युनिट मापाने सारखे असले तरी मोलाने सारखे नाही.

महाप्रसादाच्या चुलीशी राबणारे आचारी आणि घरातील गृहिणी यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. उकळी फुटल्यावर जाळ मोठा ठेवला तरी पाणी अधिक तापत नाही, त्याची फक्त वाफ होते. डाळ आधी भिजत घालावी, उकळीनंतर जाळ मंद करावा, झाकण ठेवावे. पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ ही संस्था १९७८ पासून हेच सांगत आली आहे. आपल्या आज्या तर त्याच्याही कितीतरी आधीपासून सांगत होत्या.

देवस्थानांनीही मार्ग दाखविला आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ साली आपल्या प्रसादालयावर आरशांच्या ७३ तबकड्या बसविल्या. त्या सूर्याचे किरण एकवटून वाफ तयार करीत आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा भात-वरण शिजे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याची वाडी हे छोटे गाव २०२४ साली सौरग्राम झाले. घरांच्या छपरांवरच वीज पिकू लागली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. पौषाच्या थंडीत, रात्री-अपरात्री, विंचवा-काट्यातून हरभऱ्याला पाणी देण्यास जाणाऱ्या बळीराजाचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दिवसाच्या विजेचे मोल सांगावयास नको. संक्रांतीला आपण ज्या सूर्यनारायणाची आराधना करतो, त्याचे हे दान छपरावर पडून वाया जाऊ देणे म्हणजे वाढलेले पान सोडून उठण्यासारखेच आहे.

कृपणता नव्हे, काटकसर

यावर भाविकांच्या मनात शंका येईल. सणाला उजेड कमी करावा काय? देवाच्या दारी हात आखडावा काय? मुळीच नाही. देवघरातील नंदादीप विझवा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु नंदादीपाचा धडा तरी काय आहे? तो लहानशा वातीवर, मोजक्या तेलावर, रात्रभर तेवतो. तो भडकत नाही, म्हणूनच विझत नाही. कृपण माणूस दुसऱ्याच्या वाट्याचे राखून आपल्यापाशी ठेवतो. काटकसरी माणूस आपल्या वाट्यातून दुसऱ्यासाठी उरवितो. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मात्र उत्सवाच्या मांडवात तारेवर आकडा टाकून केलेली रोषणाई देवाला कशी रुचेल, याचा विचार प्रत्येक मंडळाने करावा. सार्वजनिक उत्सवांसाठी महावितरण तात्पुरती जोडणी देते, ती रीतसर घ्यावी. चोरलेल्या फुलांची पूजा आपण करीत नाही. मग चोरलेल्या प्रकाशाची आरास का करावी?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. ज्याच्या झोपडीत एकच दिवा आहे, त्याला बचत कशी सांगावी? त्याला सांगूच नये. पंगतीत आधी वाढावयाचे ते उपाशी माणसाला, आणि आवरावयास सांगावयाचे ते ज्याचे पान भरले आहे त्याला. म्हणून स्वयंसेवकाने सुरुवात माडीच्या घरापासून, मोठ्या दुकानापासून, मंगल कार्यालयापासून आणि आपल्या देवस्थानापासून करावी. झोपडीत जावे ते उपदेश करावयास नव्हे, तर एक चांगला दिवा देऊन यावयास. स्वामीजींनी ज्याला नारायण म्हटले तो त्याच झोपडीत राहतो.

सप्तमीचा उत्सव आटोपेल. पंगती उठतील, ट्रॅक्टर परततील, शेतात पुन्हा पाखरे उतरतील. आपापल्या गावी निघालेल्या प्रत्येक यात्रिकाने प्रसादाबरोबर पंगतीचा नियमही घरी न्यावा. सायंकाळी दिवेलागण झाली, ‘शुभं करोति’ म्हणून झाले, की क्षणभर घरात फिरून पाहावे: कोणता दिवा कोणासाठी जळतो आहे? ज्या दिव्याखाली कोणी नाही तो हलकेच मालवावा. गावाच्या टोकाला, तारेच्या शेवटच्या खांबाशी असलेल्या घरात तेवढा उजेड वाढतो. तेथेही कोणी लहान मूल हात जोडून देवापुढे उभे असते. पंगत एकच आहे. त्याच्या पानात पडेपर्यंत आपण हात आवरावयाचा, एवढेच.